तुमच्या समोर आलेला तो खांब

"मुलीकडे बॉस्टनला गेलो होतो तेव्हा फेनवे पार्कमध्ये बेसबॉलचा सामना पाहिला. अरुंद लाकडी खुर्ची, गुडघे पुढच्याच्या पाठीत आणि बरोबर समोर लोखंडी खांब. तरी आजूबाजूचे लोक जत्रेला आल्यासारखे खूश. आपल्याकडे ही वास्तू केव्हाच रीडेव्हलपमेंटला गेली असती. हे लोक ती पाडत का नाहीत? आणि न पाडता नवी करायची, तर काय ठेवायचं, काय काढायचं हे ठरतं कसं?" असा तुमचा प्रश्न.

खांबापासूनच सुरुवात करतो, कारण तुमची खरी तक्रार तीच दिसते.

मी धंद्याने स्ट्रक्चरल इंजिनिअर. माटुंग्याला शिकलो, गेली सव्वीस वर्षं न्यू इंग्लंडमध्ये जुन्या काँक्रीटची दुरुस्ती करतो. पार्किंगच्या इमारती, पाण्याच्या टाक्या, पूल आणि मधूनमधून गावोगावची लहान बेसबॉल मैदानं. फेनवेचं काम माझं नव्हे, शिकागोच्या रिग्ली फील्डचंही नव्हे. ती दोन्ही मी तिकीट काढून पाहिली आहेत. फक्त माझं निम्मं लक्ष खेळाकडे असतं आणि निम्मं डोक्यावरच्या स्लॅबकडे. बायकोने माझ्याबरोबर सामन्याला यायचं कधीच सोडलं.

तर खांब. १९१०च्या आगेमागे ही मैदानं बांधली गेली तेव्हा छप्पर किंवा वरचा मजला पेलायचा तर खांब प्रेक्षकांच्या मधोमध उभा करण्याला पर्याय नव्हता. रिग्लीत या खांबांवर अख्खा वरचा मजला आहे, फेनवेत छप्पर आणि त्यावरच्या रांगा. खांब पुढे आहे म्हणून वरचा मजला खालच्याच्या डोक्यावर पुढे येऊ शकतो, आणि वर बसलेल्या माणसाला पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातातला चेंडू दिसतो. खांब काढायचा तर सगळा भार मागून तोलावा लागतो, म्हणजे कॅन्टिलिव्हर. कॅन्टिलिव्हर किती बाहेर काढायचा याला मर्यादा असते. मग मजला मागे सरकतो आणि सगळ्यांना दिसावं म्हणून वरही चढतो. नव्या स्टेडियममध्ये कुणाच्याही समोर खांब नसतो, पण वरच्या रांगेतून खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात. तुमच्या समोरचा खांब काही थोड्या लोकांचा सामना बिघडवतो आणि हजारो लोकांना मैदानाजवळ आणून बसवतो. हा सौदा मला अजूनही मान्य आहे. अर्थात, मी त्या खुर्चीचं तिकीट काढत नाही.

खांब काढून पाहिले नाहीत असं नाही. न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम १९२३ सालचं. १९७४ आणि ७५ असे दोन हंगाम संघ दुसऱ्याच्या मैदानावर खेळला आणि तेवढ्या वेळात स्टेडियमचा कायापालट केला. खांब काढले, वरचा मजला मागून तोलला, जुनं छप्पर उतरवलं. त्या छपराला कडेने तांब्याची झालर होती, आपल्या वाड्यांच्या वळचणीला लाकडी नक्षीची पट्टी असते तशी. तीही गेली. पुढे बाहेरच्या बाजूला काँक्रीटमध्ये तिची एक नक्कल उभी केली. १९७६ मध्ये दारं उघडली तेव्हा पत्ता तोच, मैदान तेच, पण लोक त्याला नवंच स्टेडियम म्हणू लागले. गंमत अशी की तेही टिकलं नाही. २००९ मध्ये रस्त्यापलीकडे आणखी नवं आलं आणि त्यात ती झालर पुन्हा बसवली! पन्नास वर्षं सांभाळलेली वस्तू काढायची, आणि पुढे तिचीच प्रतिकृती पैसे देऊन करायची. माझ्या धंद्यात हे इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, काय ठेवायचं. यासाठी बेसबॉलची एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आतल्या चौकोनाची मापं ठरलेली आहेत: एका बेसपासून (धावत गाठायच्या थांब्यापासून) दुसरा ९० फूट, फलंदाजाच्या जागेपासून पिचर ६० फूट ६ इंचांवर. पण बाहेरची भिंत किती लांब, किती उंच, कुठे वाकडी, हे जुन्या काळी ज्याच्या त्याच्या जागेवर अवलंबून होतं. क्रिकेटमध्ये सीमारेषेचा दोर आत-बाहेर सरकतो, इथे मात्र शहराचा रस्ताच सीमारेषा ठरवून गेला. फेनवेच्या डाव्या बाजूला लॅन्सडाउन स्ट्रीट आडवी आली. जागा संपली, म्हणून फलंदाजापासून त्या बाजूच्या भिंतीचं अंतर उरलं जेमतेम ३१० फूट. एवढं जवळ म्हणून भिंत उंच केली, आज ती ३७ फूट २ इंच आहे, म्हणजे चार मजली इमारतीएवढी. 'ग्रीन मॉन्स्टर' म्हणतात ती हीच. हिरवा रंग १९४७ मध्ये लागला. त्याआधी तिच्यावर जाहिराती होत्या.

त्या भिंतीमुळे खेळ बदलतो. दुसरीकडे सहज झेल झाला असता असा उंच, निवांत फटका इथे भिंतीवरून पलीकडे जाऊन होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा, होतो. आणि दुसरीकडे थेट बाहेर गेला असता असा सणसणीत फटका इथे भिंतीच्या वरच्या भागावर आपटून परत येतो, फलंदाजाला दोनच बेस मिळतात. भिंतीपुढे उभ्या राहणाऱ्या खेळाडूला चेंडू कुठे आपटला तर कसा उसळतो, हे वर्षानुवर्षं शिकावं लागतं. वास्तूच खेळात उतरलेली आहे. अशा ठिकाणी वीट, रंग, कमानी यांना मी दुसरा नंबर देतो. पहिला नंबर अंतरांचा आणि कोनांचा. विटा त्याच भट्टीच्या नसल्या तरी तशा मिळतील, पण लॅन्सडाउन स्ट्रीटमुळे तयार झालेला तो वाकडेपणा नव्या जागेत मुद्दाम आणला की नाटकी वाटतो.

हे नाटक बॉस्टनमध्येही होता होता राहिलं. १९९९ मध्ये तेव्हाच्या मालकांनी जुन्या फेनवेच्या शेजारीच नवं फेनवे बांधायची योजना जाहीर केली. तीच भिंत, तीच मापं, पण सगळं नवंकोरं, आणि खर्च ५० कोटी डॉलरांच्या वर. जुन्याचा थोडा भाग स्मारक म्हणून ठेवणार होते. गावातल्या लोकांनी 'सेव्ह फेनवे पार्क' म्हणून संघटना काढली, आराखडे काढून दाखवले. तरी मला वाटतं, योजना शेवटी पैशाअभावीच अडली. २००२ मध्ये संघ विकला गेला. नव्या मालकांनी जॅनेट मेरी स्मिथ या वास्तुरचनाकार बाईंना आणलं. बाल्टिमोरचं कॅमडेन यार्ड्स, १९९२ मध्ये उघडलेलं, त्यांच्या देखरेखीखाली झालं होतं. जुन्या वळणाचं नवं स्टेडियम ही लाट तिथूनच सुरू झाली. म्हणजे ज्यांनी जुन्याची उत्तम नक्कल करून दाखवली होती, त्यांनाच इथे अस्सल जुनं सांभाळायला मिळालं. २००२ ते २०११ असं दहा वर्षं काम चाललं, सुमारे २८ कोटी ५० लाख डॉलर लागले आणि संघ एकही हंगाम बाहेर खेळला नाही.

त्यांच्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इमारतीत नाहीच. फेनवेचं मोठं दुखणं होतं जागेचं. प्रेक्षक बसतात त्या पायऱ्यांखालच्या बोळांत खाणं, स्वच्छतागृहं, येणंजाणं सगळं कोंबलेलं. त्यांनी काय केलं, तर शहराशी बोलून सामन्याच्या दिवशी बाहेरचा रस्ताच आत घेतला. आजची जर्सी स्ट्रीट. सामन्याआधी दोन्ही टोकांना फाटकं लागतात, तिकीट तिथेच तपासतात, आणि सार्वजनिक रस्ता काही तासांसाठी स्टेडियमचं अंगण होतो. २००२च्या सप्टेंबरात हे सुरू झालं. एक वीट न हलवता शेकडो माणसांना श्वास घ्यायला जागा मिळाली. आपल्या गणपतीच्या मंडपवाल्यांना यात काही विशेष वाटणार नाही, पण इथल्या नियोजनकारांना तो मोठा शोध होता.

भिंतीवरच्या खुर्च्यांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. पूर्वी ग्रीन मॉन्स्टरच्या वर जाळी होती, पलीकडच्या दुकानांच्या काचा वाचवायला. जाळीत अडकलेले चेंडू काढायला भिंतीवर एक शिडी बसवलेली. २००३ मध्ये जाळी काढून तिथे सुमारे २७० जागा केल्या. मैदानातून बघाल तर भिंतीच्या डोक्यावर एक बारीक काठ वाढल्यासारखा दिसतो, बाकी काही नाही. जाळी गेली, शिडीचं काम संपलं, पण शिडी तिथेच आहे आणि नियमाने ती खेळाचा भाग आहे. चेंडू तिच्यावर आपटून भलतीकडे गेला तर गेला. मी असतो तर ती काढली असती, हे कबूल करतो. आणि तेव्हा चुकलो असतो.

याच भिंतीच्या पायथ्याला हाताने पाट्या बदलायचा धावफलक आहे. आत माणूस बसतो. पांढऱ्या उभ्या पट्टीवर ठिपके आणि रेघा दिसतात, ती जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यांची आद्याक्षरं आहेत, मोर्स कोडमध्ये. पुढच्या वेळी बघा.

हे झालं दिसणाऱ्याबद्दल. न दिसणारं काम याच्या कितीतरी पट असतं आणि माझी रोजीरोटी तीच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

स्टेडियमच्या ज्या पायरीवर तुमचे पाय असतात, ती पायरी खालच्या बोळात हॉट डॉग खात उभ्या असलेल्या माणसाचं छप्पर असते. म्हणजे हे छप्पर उघड्यावर, उतरत्या टप्प्यांचं, प्रत्येक टप्प्यात खुर्च्यांचे बोल्ट ठोकलेले. गळण्यासाठी याहून चांगली रचना सुचणार नाही. त्यात फेनवेचं १९१२चं काँक्रीट. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं. आजच्या काँक्रीटमध्ये आम्ही मुद्दाम सूक्ष्म बुडबुडे ठेवतो, फुगलेल्या पाण्याला जागा मिळावी म्हणून. ही युक्ती १९३०च्या दशकाच्या शेवटी कळली. त्याआधीच्या काँक्रीटमध्ये ते बुडबुडे नाहीत. एका हिवाळ्यात कितीतरी वेळा गोठणं-वितळणं होतं, दरवेळी एखादा पापुद्रा ढिला होतो. वर बर्फासाठी मीठ टाकलेलं. मीठ सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंज फुगतो, सळईवरचा काँक्रीटचा थर सुटतो. शिकागोत रिग्लीच्या वरच्या मजल्याचे तुकडे २००४च्या उन्हाळ्यात खाली पडले आणि तातडीने जाळ्या बांधाव्या लागल्या. वास्तू तीच, जिचं त्याच वर्षी शहराने वारसा म्हणून संरक्षण केलं होतं. कागदावरचं संरक्षण पाण्याला अडवत नाही.

पाहणी कशी करतात? यंत्रं भरपूर आहेत, पण पहिलं हत्यार हातोडी. ठोकत जायचं आणि ऐकायचं. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं भदभद. आजी बाजारात मडकं वाजवून घ्यायची, अगदी तेच. मी नव्या पोरांना मडक्याचं सांगतो तर त्यांना कळत नाही, मग कलिंगड सांगतो. सपाट भागावर लोखंडी साखळी ओढत चालायचं, आवाज बदलला की खडूने गोल करायचा. दिवसअखेर स्टँडभर खडूची वर्तुळं दिसतात, जणू कुणी रांगोळी अर्धवट सोडून गेलंय. मग दंडगोलाकार नमुने कापून प्रयोगशाळेत. हे सगळं झाल्याशिवाय जो आर्किटेक्ट 'चारित्र्य' वगैरे शब्द काढतो, त्याच्याशी मी दुसरा चहा घेत नाही.

दुरुस्तीत सुटलेला भाग फोडायचा, गंजलेली सळई साफ करायची किंवा शेजारी नवी बांधायची, नवं काँक्रीट भरायचं आणि वर वॉटरप्रूफिंगचा थर. पण थर लावायचा तर खुर्च्या काढायला हव्यात. तुम्ही ज्या अरुंद निळ्या लाकडी खुर्चीवर बसलात, ती १९३४ची ओकची. नव्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या बसवणं स्वस्त पडलं असतं. त्यांनी जुन्या खुर्च्या उतरवल्या, दुरुस्त केल्या, रंगवल्या, खालचं काँक्रीट पक्कं करून पुन्हा तिथेच बसवल्या. अरुंद ठेवण्यात भावनेबरोबर हिशोबही असतो हे खरं. रुंद केल्या की संख्या घटते. वानखेडेची २०११च्या विश्वचषकाआधी डागडुजी झाली तेव्हा ४५ हजारांच्या आसपासची आसनसंख्या ३३ हजारांवर आली, आठवत असेल. फेनवेची मुळातच सुमारे ३४ हजार होती. तिथून खाली जाणं मालकाला परवडणारं नव्हतं. उलट छपरावर, भिंतीवर, कोपऱ्याकापऱ्यांत जागा काढत ती ३७ हजार ७०० पर्यंत नेली. दिवसाच्या सामन्याला मात्र थोडी कमी असते. मध्यभागी समोरच्या काही रांगांवर काळं कापड अंथरतात. पांढऱ्या शर्टांच्या गर्दीतून येणारा पांढरा चेंडू फलंदाजाला दिसायचा नाही म्हणून.

हे सगळं करायला वेळ किती, तर हंगाम संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत, साधारण ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे नेमके असे महिने की ज्यांत काँक्रीट ओतू नये. पाच अंशांच्या खाली ते जमायलाच तयार होत नाही. तंबू उभारायचे, आत गरम हवा सोडायची, वर गोधड्यांसारखी आवरणं घालायची. बाळंतिणीची खोली जपावी तसं जपायचं. रिग्लीत २०१४च्या हंगामानंतर मोठं काम सुरू झालं. पहिल्याच हिवाळ्यात बाहेरचे उघडे स्टँड पाडून नव्याने बांधायला घेतले. थंडीने आणि जमिनीखालच्या कामांनी उशीर केला. एप्रिल २०१५ मध्ये पहिला सामना झाला तेव्हा ते स्टँड बंदच होते, आणि स्वच्छतागृहांपुढच्या रांगांची चर्चा सामन्यापेक्षा जास्त झाली. स्टँड मे-जूनमध्ये टप्प्याटप्प्याने उघडले. मी त्यांना हसणार नाही. जानेवारीत पाया खणलेला माणूस दुसऱ्याला हसत नाही.

रिग्लीचा रस्ता फेनवेपेक्षा वेगळा, जास्त धाडसी. १९१४ची वास्तू, १९२७-२८ मध्ये वरचा मजला आणि १९३७ मध्ये बाहेरचे स्टँड, हाताने चालणारा उंच धावफलक आणि विटांच्या भिंतीवर वेल. वेल इतका दाट की चेंडू आत अडकतो. खेळाडूने दोन्ही हात वर केले की पंच दोन बेस देतात, आणि तो उगाच शोधायला गेला तर खेळ चालू राहतो. इथे शहराने संरक्षित गोष्टींची यादीच केली होती: धावफलक, वेल, विटांची भिंत, दारावरची लाल पाटी, उघड्या स्टँडची ती मोठी वळणदार रेघ. यादीबाहेर मात्र त्यांनी जवळजवळ सगळं बदललं. खांब, पाया, वरच्या मजल्याचं पोलाद, एकेक भाग करत. खेळाडूंची खोली इतकी लहान होती की नव्याने ती शेजारच्या चौकाच्या पोटात नेली, ३० हजार चौरस फूट, वरून कुणाला पत्ताही लागत नाही. दारावरची पाटी उतरवून दुरुस्तीला पाठवली आणि परत लावली.

वाद पेटला तो व्हिडिओ पडद्यावरून. समोरच्या घरांच्या गच्च्यांवरून लोक वर्षानुवर्षं सामने पाहायचे. पुढे त्या गच्च्यांचा धंदाच झाला आणि २००४च्या करारानुसार गच्चीवाले उत्पन्नातले १७ टक्के संघाला देत. पडदा आला की त्यांचं दृश्य अडणार. कोर्टकचेऱ्या झाल्या, पडदा उभा राहिला. माझं मत विचाराल तर पडदा जरा मोठाच आहे, पण त्यासाठी बाहेरची भिंत रस्त्याकडे सरकवून घेतली आणि जुन्या धावफलकाला धक्का लावला नाही, हे हुशारीचं. दिव्यांवरूनही असाच आकांत झाला होता. १९८८ पर्यंत रिग्लीत दिवेच नव्हते, सामने फक्त दिवसा. दिवे आले आणि ज्या शेजाऱ्यांनी विरोध केला त्यांची नातवंडं आज रात्रीच्या सामन्याला जातात.

परत उलटवता येईल तेवढंच करा, हा आमच्यातला जुना दंडक, आणि तो फेनवेने स्वतःच्या चुकीतून शिकवला. १९८९ मध्ये होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या) मागे वर काचेची बंदिस्त खोली केली, मोठ्या लोकांसाठी, वातानुकूलित. आत बसणाऱ्याला चेंडूचा आवाजही येईना. वारा अडून फटके कमी लांब जातात, अशीही खेळाडूंची कुरकुर होती. २००६ मध्ये काचा काढून ती जागा उघडी केली. सगळ्यात महाग तिकीट काढणाऱ्याला पुन्हा थंडी वाजू लागली आणि तो खूश झाला.

आवाजावरून माझी स्वतःची फजिती सांगतो. एका लहान गावातलं मैदान होतं, १९३०च्या दशकातलं, लाकूड-काँक्रीटचा छोटा स्टँड आणि वर पत्र्याचं छप्पर. पत्रा गंजलेला, गळका. आम्ही यादी नीट केली होती: तिकिटाची खिडकी, लाकडी बाकं, हाताने रंगवलेली नावं, सगळं ठेवायचं. छपराला उत्तम इन्सुलेशन आणि वर रबरासारखा एकसंध थर, वीस वर्षं बघायला नको. उद्घाटनाच्या सामन्यात एक चेंडू उलटा मागे उडाला आणि छपरावर पडला. काहीच झालं नाही. म्हणजे 'थप' असा आवाज झाला आणि चेंडू वरच राहिला. सगळा स्टँड वर बघत बसला. मग एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही छप्पर केलंत का? पूर्वी चेंडू पत्र्यावर धाडकन पडायचा, गडगडत उतारावरून यायचा, आणि पोरं आवाजाचा माग काढत खाली धावायची. कुठल्या पन्हाळीशी पडणार यावर पैजा लागायच्या. चार पिढ्यांचा खेळ आम्ही बंद पाडला होता, तोही गळती थांबवण्याच्या चांगल्या कामातून. माझं बालपण रत्नागिरीला कौलांखाली आणि पडवीच्या पत्र्याखाली गेलेलं. पत्र्यावरचा आवाज म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी सुचलं नाही, कारण तो नकाशात नव्हता. दोन वर्षांनी त्या थरावर पट्ट्या मारून पन्हळी पत्रे पुन्हा चढवले. निम्मं बिल आमच्या फर्मने सोसलं. तेव्हापासून मी पाहणीचे पहिले दोन-तीन सामने नुसता बसतो. हातोडी पिशवीत. पोरं कुठे धावतात, म्हातारे कुठे उभे राहतात, लोक कशावर चिडतात पण कशावरून हसतात, हे टिपून घेतो.

जपानमध्ये हे शहाणपण आधीच होतं असं दिसतं. कोशिएन हे १९२४चं मैदान, शाळांच्या स्पर्धांसाठी तिथे पंढरीसारखं मानाचं. बाहेरच्या भिंतींवर वेल. २००७ ते २०१० मध्ये नूतनीकरण केलं तेव्हा वेल काढावाच लागणार होता. त्यांनी आधीच त्याचं बियाणं-रोपं देशभरच्या शाळांना वाटली होती. काम झाल्यावर शाळांनी वाढवलेली रोपं परत आली आणि भिंतीशी लावली. वेल नवा, पण तोच.

एका बाबतीत मात्र मी जुनेपणाची बाजू घेत नाही. चाकाच्या खुर्चीवरून येणारा माणूस. १९१२च्या पायऱ्या त्याच्यासाठी केलेल्याच नाहीत. इथला अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९०चा, आणि तुम्ही जो भाग बदलता तो या कायद्यात बसवावाच लागतो. रिग्लीच्या नूतनीकरणात याची नीट काळजी घेतली नाही असा आरोप करून केंद्र सरकारने २०२२ मध्ये दावा लावला, २०२४ मध्ये तडजोड होऊन आणखी बदल करायचं ठरलं. लिफ्टने वास्तूचं रूप बिघडतं म्हणणाऱ्याला मी विचारतो, तुमच्या वडिलांना कुठे बसवणार? या एका ठिकाणी खांब काढावा लागला तर मी काढीन.

पैसे कुठून येतात हेही विचारात घ्या. वारसा यादीत नोंद झालेल्या, उत्पन्न देणाऱ्या इमारतीची दुरुस्ती ठरलेल्या निकषांनी केली तर केंद्र सरकार पात्र खर्चाच्या २० टक्के करसवलत देतं. फेनवेची नोंद २०१२ मध्ये झाली, रिग्लीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा २०२० मध्ये मिळाला. बाकीचा पैसा महागड्या जागांतून. भिंतीवरची खुर्ची, पडद्यामागचा क्लब. म्हणजे वास्तू वाचली ती मुळात तिच्यावर जीव लावणाऱ्या साध्या प्रेक्षकाला तिकीट न परवडण्याच्या किमतीवर, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. डेट्रॉइटचं टायगर स्टेडियम आणि फेनवे एकाच दिवशी उघडले, २० एप्रिल १९१२. तिथल्या चाहत्यांनीही नूतनीकरणाचा चांगला आराखडा करून दिला होता. १९९९ मध्ये शेवटचा सामना झाला, २००८-०९ मध्ये पाडलं. तिथे ना मालकाने मनावर घेतलं, ना शहराने.

पुढच्या खेपेला तिकीट काढताना 'दृष्टी अडते' अशी खूण आहे का ते आधी पाहा, खुर्चीनिहाय लिहिलेलं असतं. उजवीकडच्या टोकाच्या जागा टाळा. तिथल्या खुर्च्यांचं तोंड होम प्लेटकडे नसून समोरच्या मैदानाकडे आहे, सामनाभर मान वाकडी करून बसावं लागतं. तिसऱ्या बेसच्या बाजूला, छपराखाली पण फार मागे नाही, अशी लाकडी खुर्ची घ्या. आणि सातव्या डावाच्या मध्यात रिवाजाप्रमाणे सगळे हातपाय ताणायला उभे राहिले की खाली वाका, खुर्चीची फळी वर करा आणि पायाखाली बघा. करड्या रंगाचा, किंचित खरखरीत थर दिसेल, खुर्चीच्या पायांभोवती नीट वळवलेला. ते काम कुणीतरी डिसेंबरात, तंबूत, गुडघ्यावर बसून केलेलं आहे.